समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला

माणूस दुसऱ्याच्या अक्षराला फसतो, यात काही नवल नाही. गेल्या रविवारी मी स्वतःच्याच अक्षराला फसलो.

पुण्याहून मेहुणे आले होते. मेहुणे म्हणजे हिचे धाकटे बंधू. सरकारी कचेरीत आहेत, आणि समोर आलेली कोणतीही वस्तू त्रुटी काढून परत पाठवायची आहे अशाच नजरेनं तिच्याकडे बघतात. त्यांना इथलं काही खायला घालावं, जाताना थोडं बरोबर द्यावं, म्हणून मी सकाळी डहाणूच्या बाजारात गेलो. पौष संपत आलेला. दुकानांपुढे चिकूच्या करंड्या एकावर एक चढलेल्या. त्यातल्या एकीच्या तोंडावर शिवलेल्या गोणपाटाला तांबड्या शाईचं लेबल डकवलं होतं. वर ठळक ‘घोलवडचा चिकू’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला’. ‘घो’ची मात्रा वाऱ्यानं उडालेल्या पताकेसारखी मागं झुकलेली. अशी मात्रा या तालुक्यात एकच माणूस काढतो. तो मी.

“मास्तर, उघडून दाखवू का?” दुकानदारानं विचारलं.

“काही गरज नाही. हे लेबल कुणी लिहिलंय, ठाऊक आहे का?”

त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्यानं “असं का!” म्हणून मला नमस्कार केला आणि करंडी माझ्या डोक्यावर न देता हातात दिली, एवढाच त्या अक्षराचा मान.

घरी आल्यावर मेहुण्यांना समोर बसवून मी पंधरा मिनिटं भाषण केलं. खरा चिकू कसा ओळखावा, त्याची साल कशी असते, गर कसा रवाळ लागतो, बी कशी गुळगुळीत निघते. मग सुतळी कापली. वरच्या थरात मेहुण्यांना काढायला त्रुटी सापडेना. गोल, एकसारखी, हरणाच्या पाठीच्या रंगाची फळं. त्याखालचं गवत बाजूला केलं तर खाली वेडीवाकडी, खुरटी, गोट्यांसारखी टणक फळं, आणि मधूनमधून काळं पडलेलं, पाणी सुटलेलं एखादं. मेहुण्यांनी एक उचलून फरशीवर आपटून पाहिलं. टक्क आवाज झाला. मग त्यांनी लेबल हातात घेऊन सावकाश वाचलं.

“भावोजी,” ते म्हणाले, “समुद्राचं वारं वरच्याच थराला लागलेलं दिसतंय.”

सगळे हसले. मीही हसलो. या घरात विनोदी माणूस म्हणून माझी नेमणूक आहे, तेव्हा दुसऱ्यानं केलेल्या विनोदाला हसणं हा सभ्यपणाचा भाग झाला. पण लेबलावरचं ते वाक्य दिवसभर घशात राहिलं. कच्चा चिकू खाल्ल्यावर चीक टाळूला चिकटून राहतो ना, तसं. पाणी प्या, गूळ खा, जात नाही.

ते वाक्य माझं होतं. अक्षर तर माझं होतंच, पण ‘समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला’ हे शब्दही माझेच.

चिकूचा हंगाम आला की मला घोलवडचा तो एक हिवाळा आठवतो. नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. उंबरगाव पलीकडं गुजरातेत गेलं, आम्ही अलीकडं राहिलो, आणि ‘हद्द’ हा शब्द चहाच्या दुकानापासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला होता. माझी बदली घोलवडच्या शाळेवर झाली होती. भिखुभाई नावाच्या गुजराती बागायतदाराच्या वाडीच्या कडेला दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. मागचं दार उघडलं की चिकूची झाडं. इतकी जवळ, की पहाटे फांदीवरचं दव आमच्या पत्र्यावर टपटपायचं आणि मी झोपेत पाऊस समजून ओरडायचो, “अगं, वाळवण!”

त्या हिवाळ्याला एक वास होता. मागच्या बाजूनं चिकूच्या चिकाचा, किंचित गोड, किंचित कडवट. पुढच्या बाजूनं, वारं फिरलं की, किनाऱ्यावरच्या सुक्या बोंबलांचा. आणि या दोन्हींच्या मध्ये, पॅकिंगच्या छपरातून येणारा वाळल्या गवताचा वास. सकाळी माणसं बांबूच्या टोकाला जाळी बांधलेला झेला घेऊन झाडांखाली उभी राहायची, माना वर, तोंड किंचित उघडं, जणू झाडानं काही विचारलंय आणि उत्तर आठवत नाही. दुपारी छपराखाली बायका फळांवरची भुकटी गोणपाटानं पुसून काढायच्या. त्यांचे हात चिकानं काळे होत आणि घासलेटानं धुतल्याशिवाय निघत नसत. आमची हीसुद्धा दुपारची तिथं जाऊन बसायची. आधी गप्पांना, मग कामाला. करंडीत गवताचा थर कसा द्यायचा, फळाचं देठ कुठं वळवायचं, हे ती पंधरा दिवसांत शिकली. मी पंधरा दिवसांत एकच गोष्ट शिकलो, की मास्तरानं त्या छपरात जाऊ नये. एकदा मदत म्हणून मी एक करंडी भरली, तर तिथली एक म्हातारी ती बघून म्हणाली, “गुरजींनी चिकूला अंथरूण नाय, गादी घातलीय. मुंबईला पोचला तरी उठायचा नाय.”

हे गवत यायचं तलासरीकडून. बैलगाड्यांमध्ये भारे रचून माणसं ते घेऊन येत. आणि ते आणणाऱ्यांत होता देवजी.

देवजीची ओळख करून द्यायला हवी. तलासरीच्या वाटेवरच्या एका पाड्यावर त्याचं घर होतं, थोडी भाताची जमीन होती. पण त्याची खरी विद्या कलमं बांधायची. तरुणपणी तो भिखुभाईंच्या वाडीत बरीच वर्षं होता. चिकूचं कलम बांधतात ते रायणीच्या रोपावर. खाली रानटी रायण, वर चिकूची फांदी. रायणीची रोपं देवजीच त्याच्या रानातून खणून आणायचा आणि इथं बांधायचा. तो गावी परत गेला तेव्हा भिखुभाईंनी त्याला त्यांच्या सगळ्यांत चांगल्या झाडाची अकरा कलमं दिली. देवजीनं ती गाडीत ओल्या गोणपाटात गुंडाळून नेली, वाटेत दर नाल्याला उतरून पाणी शिंपडत. त्या अकरा झाडांना त्या साली पहिल्यांदा भरपूर फळ धरलं होतं.

त्यातली चार फळं त्यानं हिच्या हातात दिली होती, गवताच्या भाऱ्यातून काढून. हिनं एक कापून भिखुभाईंना दिलं आणि कुठलं ते सांगितलं नाही. भिखुभाईंनी डोळे मिटून खाल्लं. म्हणाले, “मारी विहिरीजवळच्या झाडाचं. हो ने?”

“नाही हो भाई. देवजीच्या घरचं.”

भिखुभाई हसले, मग गंभीर झाले. “एटले, म्हणजे विहिरीवालंच. त्याच झाडाची कलमं दिली होती मी.”

हे सगळं मी आत्ता का सांगतो आहे, तर पुढं जे झालं त्यात कुणी दुष्ट माणूस नव्हता, हे आधीच कळलेलं बरं. दुष्ट माणूस असला की गोष्ट सांगणाऱ्याचं काम सोपं होतं.

झालं होतं असं, की मुंबईच्या बाजारात घोलवडच्या नावावर कुठलाही चिकू जाऊ लागला होता. भिखुभाई एकदा स्वतः बाजारात गेले तर तिथं कधी न पाहिलेल्या गावाचा माल ‘घोलवड, घोलवड’ म्हणून ओरडून विकत होते. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की घरात कुणाची तरी तब्येत बिघडली असावी.

“मास्तर,” ते मला म्हणाले, “माणूस बाजारात जाऊन स्वतःचंच नाव ऐकतो आणि वळून बघतो तर भलताच माणूस ओ देतो. कसं वाटेल तुम्हाला?”

म्हणून आठ-दहा वाडीवाल्यांनी एक मंडळी, म्हणजे आपली एक संस्था, काढायची ठरवली. मंडळीचं लेबल असलेल्या करंडीतच खरा घोलवडचा चिकू. लेबल कुणी लिहायचं? तर मास्तरांनी. “तुमचा हात सरस छे.” मी खुलून गेलो. अक्षराचं कौतुक ही माझी मर्मस्थळावरची गुदगुली आहे. अजूनही.

पण लेबल कुणाला द्यायचं? म्हणजे घोलवड कुठपर्यंत? त्यासाठी शाळेच्या एका वर्गात सभा भरली. ती सभा मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की आमची मुलं आता मधली वाक्यं माझ्याआधी म्हणतात. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली. एक म्हणाला, “घोलवड रेल्वेच्या फाटकापर्यंत.” त्याची वाडी फाटकाला लागून होती. दुसरा म्हणाला, “छे, ओहोळाच्या पुलापर्यंत.” त्याची वाडी पुलाच्या अलीकडं चार पावलांवर. बोर्डीकडचा एक जण उठून गहिवरल्या आवाजात म्हणाला, “घोलवड नि बोर्डी हे दोन भाऊ. भावाला वेगळं काढता?” त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, “भाऊच वेगळे निघतात, काका. शेजारी नाही निघत.” फळ्यावर मी गावाचा नकाशा काढला होता. दर पाच मिनिटांनी हद्द पुसून पुढं सरकवत होतो. खडूच्या धुरळ्यानं माझी टोपी पांढऱ्याची आणखी पांढरी झाली.

शेवटी सगळे दमले आणि माझ्याकडं बघू लागले. आणि मला सुचलं. अशा वेळी सुचतं, हीच माझी अडचण.

“हद्द कशाला हवी?” मी म्हणालो. “इथल्या चिकूला गोडी कशानं येते? समुद्राच्या वाऱ्यानं. जिथवर समुद्राचं वारं लागतं तिथवर घोलवड.”

मग बाकं वाजली. टाळ्या नव्हेत, अडकलेले गुडघे सोडवण्याचा आवाज होता तो, पण मला टाळ्यांसारखा वाटला. फाटकवाल्याला वारं लागत होतं, पुलावाल्याला लागत होतं, दोन्ही भावांना लागत होतं. वाक्य सुंदर होतं, म्हणून ते खरं असावं, असं सगळ्यांना वाटलं. सगळ्यांत जास्त मला. चारच दिवसांत ते माझ्या अक्षरात लेबलावर चढलं, त्याचा छपाईचा ठोकळा झाला, तांबड्या शाईत कागद छापून आले. पहिला गठ्ठा सुटला त्या दिवशी मी एक लेबल घरी आणून आरशाच्या चौकटीत खोचलं. दाढी करताना रोज वाचायचो.

मुलांना सांगतो ती गोष्ट इथं संपते. पुढचं मी कधी सांगितलं नाही. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला एक सवय लागते. जिथं लोक हसले, तिथं तो थांबतो.

देवजी आला तो शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर. त्या दिवशी त्याच्या गाडीत गवत नव्हतं, दोन करंड्या होत्या. त्या त्यानं स्वतः विणल्या होत्या. मंडळीच्या छपरात त्याला सांगितलं गेलं होतं की तुझा माल आमच्या लेबलात बसत नाही, तुझ्याकडं समुद्राचं वारं नाही. कुणी उर्मटपणानं सांगितलं नसणार. भिखुभाई तर त्याला चहा पाजून म्हणाले होते, “मी काय करू देवजी, नियम मास्तरनं बांधलाय.”

तो माझ्या पायरीपाशी उभा राहिला. वर ये म्हटलं तरी आला नाही.

“गुरजी, वाऱ्याचा तुमी लिवलं काय?”

“हो. म्हणजे... सभेत ठरलं.”

“बरा लिवलाय,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. “पन आमच्याकडं वारा येते, गुरजी. दिवस कलला का येते. दर्या नाय दिसत, पन वारा येते. तुमी एकदा येऊन उबे ऱ्हावा. मंग तुमी सांगाल तसा.”

“आणि नाही आला तर?”

तो पहिल्यांदा हसला. “नाय कसा येल? रोज येते तो.”

त्याला बाकी काही नको होतं. एवढंच, की त्याची फळं त्याच नावानं जावीत ज्या नावाच्या झाडाची ती होती. रायणीचं मूळ त्याच्या रानातलं, कलम बांधणारा हात त्याचा, फांदी भिखुभाईंच्या विहिरीजवळची. मी जायचं कबूल केलं. भिखुभाईंना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, “जा मास्तर, जा. तुम्ही म्हणाल तर लेबल देऊ त्याला. तुमचा शब्द बस छे.”

पुढच्या शनिवारी मी एस.टी.नं गेलो. फाट्यावर देवजी वाट बघत होता. पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरू लागलं होतं. घरामागं उतारावर ती अकरा झाडं. प्रत्येकाच्या बुंध्याभोवती मातीचं आळं, आळ्यात ओलावा. खालून, कलमाच्या गाठीखालून, रायणीला फूट येत असते. ती वेळच्या वेळी छाटावी लागते, नाहीतर रान वर चढतं आणि चिकू मरतो. देवजीच्या एकाही झाडाला तशी एक फूट नव्हती. त्यानं मला मधल्या झाडाखाली उभं केलं, जसं फोटोला उभं करतात. स्वतः शेजारी उभा राहिला. आणि आम्ही वाऱ्याची वाट बघू लागलो.

दोन मोठी माणसं, एक टोपी घातलेला आणि एक उघडा, झाडाखाली मान वर करून पानांकडं बघत उभी आहेत. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मी यावरच अर्धा तास हसवलं असतं. पान हलत नव्हतं. कावळा ओरडला. देवजीनं बोट तोंडात घालून ओलं केलं आणि वर धरलं. मीही धरलं. बराच वेळ गेला.

“आज रुसला,” देवजी हळूच म्हणाला. जणू घरी पाहुणा आलाय आणि पोरगं समोर यायला तयार नाही.

“असू दे,” मी म्हणालो. माझं लक्ष शेवटच्या गाडीकडं होतं. “बघू पुन्हा कधी.”

तो फाट्यापर्यंत यायला निघाला होता. मीच नको म्हटलं. वाट सरळ होती. त्याला झाडाखाली सोडून मी निघालो. शेताच्या बांधावरून शंभरेक पावलं गेलो असेन, आणि मानेवरचा घाम गार झाला. आधी वाटलं, ऊन गेलं म्हणून. मग धोतराचा सोगा पायाला लपेटला. वाटेकडेचं गवत एका बाजूला कललं. ओलसर, जड, किंचित खारट. खारटपणा माझ्या घामाचाही असेल, शपथेवर सांगता येणार नाही. पण वारं होतं. आणि ते पश्चिमेकडून येत होतं.

मागून हाक आली. “गुरजी! आला, आला!”

मी थांबलो. वळलो. लांबवर देवजी दोन्ही हात वर करून उभा होता. त्याच्या डोक्यावरची सगळी पानं हलत होती.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. गाडी चुकेल हे आलं. आणि हेही आलं, की इथं वारं आहे म्हटलं तर पुढच्या पाड्यावरही असेल, त्याच्या पुढच्याही. मग वारं थांबतं कुठं? माझं वाक्य उरतं कुठं? बाकांवरची माणसं हसतील. छापलेले कागद, आरशातलं लेबल, सगळं खोटं पडेल. हे इतकं नीट त्या वेळी सुचलं नसेल.

मी हात वर केला. निरोपाला करतात तसा. जणू त्यानं ‘येतो म्हणा’ म्हटलंय आणि मी ‘येतो’ म्हणतोय. आणि वळून चालू लागलो. वारं आता समोरून येत होतं, तोंडावर. टोपी उडू नये म्हणून मी ती हातानं धरली. म्हणजे टोपी धरावी लागेल एवढं वारं होतं, आणि ते नाही असं ठरवून मी चालत होतो.

मंडळीत मी सांगितलं, “मी जाऊन आलो. झाडाखाली उभा होतो तोवर वारं नव्हतं.” शब्दन् शब्द खरा होता. असं वाक्य मुलांनी लिहून दिलं तर पूर्ण गुण द्यावे लागतील.

भिखुभाईंनी लेबलांचा गठ्ठा बाजूला सरकवला. मग म्हणाले, “मला वाटलं होतं, मिळेल वारं.” एवढंच. पुढचा विषय सुतळीचा होता.

माझं आडनाव केळशीकर. केळशी मी जन्मात पाहिलेली नाही. माझ्या आजोबांनीही पाहिली होती की नाही, शंका आहे. तिथलं वारं मला लागलं का, असं कधी कुणी विचारलं नाही. नाव आपलं चिकटलं आणि चिकटून राहिलं. पेन्शनीच्या कागदावरही तेच असेल. हा विचार मला त्या सभेत सुचायला हवा होता. पण तो पुष्कळ उशिरा, एका दुपारी हजेरीपटावर मुलांची नावं लिहिताना सुचला. गावांची नावं लावलेली चाळीस मुलं समोर बसली होती, आणि एकही त्या त्या गावचं नव्हतं.

देवजीनं त्या साली फळं तलासरीच्या बाजारात नेली. तिथं चिकू विकत घेणार कोण? दलालाकडंही गेला होता म्हणे. दलाल म्हणाला, फळ झकास आहे, पण याला म्हणू काय? अर्धी फळं झाडावरच पाखरांनी फोडली.

आणि लेबलाचं काय झालं? दोन-तीन वर्षं मंडळी नीट चालली. मग ठोकळा कुणाच्या तरी हाती गेला, की कुणी बघून दुसरा केला, ते कळलं नाही. तांबड्या शाईतली ती मात्रा, ते वाऱ्याचं वाक्य, कुठकुठल्या करंड्यांवर दिसू लागलं. जिथून समुद्र गाडीनं दिवसभराच्या वाटेवर आहे, तिथला मालही ‘समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला’ होऊन बाजारात येऊ लागला. कुणी सभा भरवली नाही, कुणी बोट ओलं करून उभं राहिलं नाही. भिखुभाई थकले. मंडळी मिटली. ज्यांनी विचारलं नाही ते सगळे नावाच्या आत आले. ज्या एकानं दारात उभं राहून विचारलं, तो तेवढा बाहेर राहिला.

मध्ये एकदा, शाळेत न येणाऱ्या मुलांची पटनोंद करायला मला त्या बाजूला जावं लागलं. देवजीच्या घरामागं मी मुद्दाम गेलो नाही. मुद्दाम टाळलंही नाही. उतारावर अकरा झाडं होती, पण लांबून काही वेगळी दिसत होती. जवळ गेल्यावर कळलं. कलमाच्या गाठीखालून रायण फुटली होती, आणि कुणी छाटली नव्हती. उभे, जाड फोक वर चढले होते. त्यांची दाट हिरवी पानं वर, आणि मधून चिकूच्या फांद्या वाळक्या, जुन्या झाडूसारख्या. ज्या माणसानं सबंध घोलवडला कलमं बांधून दिली, त्यानं विळा न उचलण्याचं ठरवलं होतं. झाडं तोडली असती तर मला बरं वाटलं असतं.

देवजी खालच्या माळावर गवत कापत होता. मला बघून उठला. पाणी दिलं. माझी, हिची, मुलांची विचारपूस केली. झाडांचं मी काढलं नाही, त्यानंही नाही. जाताना भाऱ्यांकडं बघून मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “हे कुठं जातं सगळं?”

“घोलवडला, डहाणूला, पार उंबरगावला. चिकूखाली घालाया. गवताला कोन इचारते गुरजी, कुठला म्हनून?”

मग त्यानं मान वर केली. माळावरचं गवत हळूहळू एका बाजूला कलत होतं.

“आला बगा,” तो म्हणाला. “येळ झाला का येतेच.”

मी टोपी धरली.

तर गेल्या रविवारी दुपारच्या गाडीनं मेहुणे गेले. त्यांना बरोबर द्यायला वरच्या थरातली फळं पुरली. मी स्टेशनावरून परत आलो तेव्हा ही मागच्या पडवीत करंडी उलटी करून बसली होती. तीन ढीग केले होते. पिकतील असे, भाजीत घालून बघू असे, आणि टाकायचे. चिकूची भाजी आमच्या घरात कुणी ऐकलेली नाही, पण ही काही लगेच टाकत नाही. मी पायरीवर बसलो. आणि इतक्या वर्षांत न सांगितलेला भाग सांगून टाकला. एस.टी., झाडाखाली उभं राहणं, शंभर पावलं, मानेवरचा गारवा, हाक, आणि वर केलेला हात. कुठंही विनोद घातला नाही. जमला नाही म्हणा.

ती फळं निवडत राहिली. मी थांबलो. “कसले हो तुम्ही!” असं काहीतरी येईल म्हणून तयारीत होतो. ते आलं असतं तर सुटलो असतो.

करंडीच्या तळाशी चिकटलेलं गवत तिनं मुठीत धरून बाहेर काढलं, फेकायला उचललेला हात मध्येच थांबवला. मूठ नाकाशी नेली. त्या गवतात कुठंकुठं रोशा या वासाच्या गवताची काडी होती. तलासरीच्या माळावरच्या गवतात ती असायची, आणि तिच्या वासानं घोलवडच्या त्या छपरात आमच्या हिच्या साडीला सबंध हिवाळा वास यायचा. तिनं पुन्हा एकदा वास घेतला. गवत हलक्या हातानं शेजारी, पिकणाऱ्या फळांच्या ढिगावर पसरलं.

“चिकू कुठले कोण जाणे,” ती म्हणाली. “गवत मात्र देवजीकडचंच आहे.”